याकाचे मागचे पाय

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक किल्लीवाला बसतो. दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं. भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, किल्ली घासायचं यंत्र, वाकवता येणारा दिवा आणि स्टुलावर तो. समोरचा माणूस काहीही सांगत असो, याची नजर कुलपावर. लोकांना वाटतं, कामात बुडालाय. खरं म्हणजे तो कमालीचा लाजरा आहे. स्वतःच्या लग्नात कोणी तरी म्हणालं, दोन शब्द बोला. तो 'पाणी पिऊन येतो' म्हणून जो गेला, तो पंगत उठल्यावरच उगवला. त्याची बायको हा किस्सा येईल त्याला सांगते आणि तो हातातली कानस जरा जोरात चालवायला लागतो.

आणि हाच माणूस अकरा वर्षं दर रविवारी दुपारी भरल्या नाट्यगृहात रंगमंचावर जात होता. फक्त तो कोणाला दिसत नव्हता, कारण तो याकाचे मागचे पाय होता.

त्याचं झालं असं. मुलांची नाटकं बसवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या कपडेपटाच्या खोलीचं कुलूप अडकलं म्हणून त्यांनी याला बोलावलं. याने पाच मिनिटांत दार उघडलं. आत जमिनीवर दोन माणसांनी आत शिरून चालवायचा एक भलामोठा केसाळ याक चपटा होऊन पडला होता. मागच्या पायांचं काम करणाऱ्याने कंबर धरल्यामुळे काम सोडलं होतं. बाईंनी किल्लीवाल्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला वाकून बसायची सवय दिसते."

"कुलपासमोर वाकावंच लागतं."

"मग माझं एक काम करा."

काम ऐकून त्याचा चेहरा पडला. "बाई, मला लोकांसमोर उभं राहता येत नाही."

"उभं कुठे राहायचंय? वाकायचंय. आणि कोणाला दिसणारही नाही तुम्ही."

पुढच्याच रविवारी तो याकात शिरला.

नाटक एका गोठलेल्या देशाचं. तिथलं तळं एका रात्रीत गोठतं आणि होडीत बसलेला एक मुलगा तळ्याच्या मधोमध बर्फात अडकतो. त्याची मैत्रीण लांबच्या डोंगराच्या पोटातला जिवंत निखारा आणायला निघते. सोबतीला ढिम्मा नावाचा याक. वाटेत हिमवादळ, घसरडे कडे आणि एक बर्फाचा राक्षस. एकटं सापडेल त्याला तो कायमचं झोपवतो. ढिम्म्याला बोलायला एक शब्दही नव्हता, पण मुलांचा जीव त्याच्यावरच.

पुढचे पाय म्हणजे पोस्टमनदादा. नोकरीतून निवृत्त, किल्लीवाल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि बोलायची भयंकर हौस. याकाच्या उघड्या तोंडातून त्यांना सगळं दिसायचं. किल्लीवाला मागे त्यांचा पट्टा धरून वाकलेला. त्याला दिसायच्या दादांच्या टाचा आणि रंगमंचाच्या फळ्यांची एक पट्टी. सेटसुद्धा त्याने फक्त मागून पाहिलेला, नुसत्या लाकडी पट्ट्या आणि खिळे. म्हणून पहिल्याच प्रयोगापासून दादा त्याला हळू आवाजात सांगायला लागले.

"आता बर्फ सुरू झाला बघ. गुडघाभर आहे. आभाळ हिरवं झालंय, वरून झालर सोडावी तसा उजेड हलतोय."

किल्लीवाला ऐकत चालायचा. अकरा वर्षांत नाटकातली मुलगी चार वेळा बदलली, पहिलीला तर आता स्वतःचं बाळ आहे, पण हे दोन पुढचे आणि दोन मागचे पाय तेच राहिले. गंमत म्हणजे याकाच्या बाहेर त्यांची फारशी गाठ नव्हती. रस्त्यात भेटले तर नुसती मान हलवायचे. सगळी मैत्री त्या केसाळ अंधारात.

मग दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका रविवारी ढिम्मा पडद्यातच घुसला. पुढच्या रविवारी तो सरळ रंगमंचाच्या कडेला गेला. नाटकातल्या मुलीने, बेकरीवाल्याच्या नऊ वर्षांच्या लेकीने, शिंग धरून त्याला मागे ओढलं म्हणून बरं. प्रेक्षकांना वाटलं, हे नाटकातच आहे. टाळ्या पडल्या.

ऑपरेशनला तीन आठवडे होते आणि मध्ये तीन प्रयोग. बाई म्हणाल्या, "सोपं आहे. दोघं जागा बदला."

किल्लीवाल्याला जेवण जाईना. बायको म्हणाली, "अहो, तोंड तुमचं थोडंच दिसणार आहे? याकाचं दिसणार."

"पण मला लोकांची दिसतील ना," तो म्हणाला.

तरी तो गेला. दादांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

पडदा उघडला. याकाच्या तोंडातून त्याने पहिल्यांदा तो गोठलेला देश समोरून पाहिला. मागून दादांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"चादरी आहेत. एकीवर इस्त्रीचा डाग आहे."

"चादरी मलाही माहीत आहेत. बर्फ कसा पडलाय ते सांग."

सांगायला म्हणून त्याने नजर वळवली, तर समोर अंधारात पोरांचे चेहरे, रांगांमागे रांगा, सगळ्यांचे डोळे याच्यावर. त्याचे पाय जागीच खिळले. मुलीने शिंग ओढून पाहिलं, ढिम्मा हलेना.

"काय झालं रे?"

"पोरं आहेत."

"असणारच की."

"एवढी? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू दुसऱ्या रविवारी आला असतास का?"

अकरा वर्षं या माणसाने डोंगर सांगितले, वादळं सांगितली, हिरवं आभाळ सांगितलं आणि तीनशे पोरं तेवढी गाळली. कोणासाठी गाळली, हे त्याला कळलं. त्याने एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

तिसऱ्या प्रवेशात निळ्या रंगाचा बर्फाचा कडा उभा असतो. प्लायवूडचा, दोन माणसांच्या उंचीचा. मुलगी त्याच्याखाली उभी राहून आपला मोठा संवाद म्हणते. त्या दिवशी ती म्हणत असताना कडा हळूच पुढे झुकला. मागची पाचर लावायची राहिली होती. मुलीची तिकडे पाठ होती. पाहिलं ते फक्त याकाने.

किल्लीवाल्याने विचार केला नाही. "दादा, चला," एवढंच म्हणाला आणि तीन ढांगांत मुलीच्या मागे गेला. कडा धाडकन याकाच्या डोक्यावर येऊन टेकला. दोघं खाली दबले, पण उभे राहिले.

मुलीने वळून पाहिलं आणि संवाद विसरली. बाई विंगेत हात चोळत उभ्या. याक हलला तर कडा पडणार, म्हणून त्याला जागचं हलता येईना.

"बोल काही तरी," दादा मागून म्हणाले.

"याक बोलत नाही."

"आजपासून बोलतो."

मग याकाच्या तोंडातून आवाज आला, जरा घोगरा, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "पोरी, घाबरू नकोस. डोंगर आम्ही धरलाय."

पहिल्या रांगेतून कोणी तरी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

"माझे पुढचे पाय आणि माझे मागचे पाय," याक म्हणाला. "दोघं फार दिवसांचे मित्र आहेत."

सभागृह हसलं. मुलगीही हसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती याकाला बिलगून म्हणाली, "मग मी एकटी पुढे जाणार नाही. तुम्ही सुटेपर्यंत इथेच थांबते."

हे नाटकात नव्हतं. पुढे काय करायचं कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात बाईंनी बर्फाच्या राक्षसाला विंगेतून ढकललं. राक्षस म्हणजे आमचा सुतार. सेट त्यानेच उभा केलेला, पाचरही तोच विसरलेला. तो डरकाळी फोडत आला, कड्याकडे पाहिलं, डरकाळी अर्धीच सोडली आणि ओशाळून खांदा लावला. कडा उचलला गेला. मुलीने त्याला दम दिला, "असाच धरून ठेव. निखारा आणते, तुलाही देते." राक्षसाने मान डोलवली. त्या दिवशी त्याने कोणालाच झोपवलं नाही.

निखारा आला, तळं वितळलं, होडीतला मित्र किनाऱ्याला लागला. नाटक संपल्यावर याकाचं डोकं काढलं, तर किल्लीवाल्याच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ. बायको बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून घेऊन धावत आली. सुतार पाचर खिशात घालून सगळ्यांची माफी मागत हिंडत होता. बाई मात्र खुर्चीत बसून वहीत लिहीत होत्या. तेव्हापासून राक्षस कडा उचलतो, हे नाटकात पक्कं झालंय.

दादांचं ऑपरेशन छान झालं. पट्टी सुटल्यावर त्यांना पुन्हा पुढे घ्यावं असं किल्लीवाला स्वतःच म्हणाला. दादा म्हणाले, "नको, मला ऐकायची सवय लागलीये." शेवटी एक रविवार हा पुढे, एक रविवार ते पुढे, असं ठरलं.

किल्लीवाला सांगतो ते दादांपेक्षा वेगळं. बर्फाबद्दल तो फारसं बोलत नाही, पोरांबद्दल सांगतो. कोण आईच्या कुशीत तोंड खुपसून बसलंय, कोण राक्षसाला जीभ दाखवतंय. गेल्या रविवारी त्याने सांगितलं, दुसऱ्या रांगेत एक चिमुरडी आहे, सभागृहात एवढं उकडतंय, पंखे गरगरताहेत, आणि वादळ सुरू होताच तिने पिशवीतून स्वेटर काढून घातलाय, तोही उलटा. दादांना इतकं हसू फुटलं की याकाचं पोट गदगदा हलायला लागलं. शिंग धरून चाललेल्या मुलीने वादळाच्या ऐन भरात त्याच्या पाठीवर एक चापट मारली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काका, आपण मरणाच्या थंडीत आहोत."