आखाजीचा झोका

पर्वत पाटियाहून, आमच्या वस्तीतून, शेअर रिक्षाने निघालो तेव्हा लेक नेहमीसारखी माझ्या मांडीवर आडवी पडली होती. सात वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर मावत नाही. तिचे पाय शेजारच्या बाईच्या साडीला लागत होते आणि ती बाई दर खड्ड्याला माझ्याकडे बघत होती. लोकांच्या नजरांची सवय होते म्हणतात. मला झालेली नाही.

लेक ऑटिस्टिक आहे हे आम्हाला आधीच कळलं होतं. त्या दिवशीची असेसमेंट तिच्या हालचालींची होती. जिना चढताना ती अजून पुढच्या पायरीला हात टेकते, चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेते, फ्रॉकचं बटण तिच्याच्याने लागत नाही. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तिला जमत नाही, की तिला करायचंच नाही? कारण करायचं नसेल, तर तिला नको असलेल्यांत मीही आले. तिने कधी माझ्या गळ्यात हात टाकला नव्हता, कधी टाटा केला नव्हता. मांडी तिला हवी असते, पण ती मांडी कुणाची आहे याच्याशी तिला देणंघेणं नसावं, असं मला वाटायचं. हे बोलायचं तरी कुणाजवळ? नवरा इथे गुजरातेत पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला. रात्रपाळी करून येतो आणि पडतो. सकाळी कूस बदलून म्हणाला, "तूच जाई ये. माले त्यामा काय समजस?"

सेंटर म्हणजे दुकानावरची एक मोठी खोली. तपासणारी बेन गुजराती, माझ्याहून लहान, पण धीराची. मला तिने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि बजावलं, मदत करायची नाही. माझे हात आपोआप उठत होते, म्हणून मी ते मांडीखाली दाबून बसले. बेनने लेकीला एका पायावर उभं राहायला सांगितलं, जमिनीवरच्या पट्टीवरून चालायला सांगितलं, मणी ओवायला दिले. एका हातात दोरा, दुसऱ्यात मणी, दोन्ही जवळ आले की दोन्ही सुटायचे. लेक मणी उचलायची आणि परत तेच. कंटाळली नाही. मला मात्र रडू येत होतं.

मग बेन छताला टांगलेल्या झोक्याकडे वळली आणि लेक भिंतीला जाऊन चिकटली. मी मनात म्हटलं, झालं. झोक्याचं आणि आमचं जुनं वैर.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणत उंच झोके घेतात. झोका नाही तर आखाजी नाही. लेक लहान असताना मी तिला मांडीवर घेऊन मोठ्या हौसेने झोक्यावर बसले आणि भावाला म्हटलं, दे जोरात. ती अशी किंचाळली की गाणी थांबली. पुढच्या वर्षी मी परत बसवलं, सवयीने भीती जाईल म्हणून. तेव्हा तिने ओकून टाकलं. मी सगळ्यांना सांगत सुटले की दोर कमीजास्त झालाय, फळी कलतेय. वहिनी हसून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळ्या बाया हसल्या. वहिनी मनाची वाईट नाही, पण ते हसू माझ्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून मी आखाजीला गेलेच नाही. इथेच खोलीत बसते. त्यात या गुजराती गावात घरोघरी हिंचका, म्हणजे झोपाळा. आमच्या घरमालकिणीचा गॅलरीतला हिंचका दिवसभर करकरतो आणि आखाजीच्या दिवशी तो आवाज मला जास्तच ऐकू येतो. माहेर एका रात्रीच्या गाडीवर आहे आणि मला कुणीच नाही, असं त्या दिवशी वाटतं.

बेनने लेकीला ओढलं नाही. मला म्हणाली, "बेन, तमे बेसो ने." मी बसले. किती वर्षांनी झोक्यावर बसत होते. बेनने हलकेच ढकललं. पाय सुटले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

तोच लेक भिंत सोडून आली. धडपडत, वाकडी पावलं टाकत. तिने दोन्ही हातांनी दोर धरला. झोक्याने तिला थोडं ओढलं, तरी सोडला नाही. झोका थांबेपर्यंत ती पाय रोवून उभी होती, डोळे घट्ट मिटून. थांबल्यावर तिने माझ्या पायांकडे बघितलं. ते जमिनीला टेकलेत की नाही ते बघितलं.

बेनने मग मला सावकाश समजावलं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपलं अंग कुठे आहे हे लेकीला नीट कळत नाही. पाय जमिनीवरून सुटले की आपण पडतोय असंच तिला वाटतं. तुम्हीही पडाल असं तिला वाटलं असणार. "एने करवुं छे, बेन. एनाथी थतुं नथी." मन आहे, अंग ऐकत नाही. मी मान हलवली. म्हणजे त्या निंबाखाली ती हट्ट करत नव्हती. तिच्यालेखी मी तिला घेऊन खाली पडत होते.

घरी आलो तेव्हा नवरा कामावर निघून गेला होता. सांगायला कुणी नव्हतं. मी भात लावला, लेक येऊन मांडीवर आडवी झाली आणि या वेळी मला ती मांडी माझी वाटली. दिवेलागणीला मायचा फोन आला. दर वर्षी विचारते तेच तिने विचारलं, "औंदा तरी आखाजीले येशी ना?"

दर वर्षी मी काहीतरी कारण सांगते. या वेळी म्हटलं, "येसू. पन झोका खाले बांधजो माय. तिना पाय जमीनले टेकाले पायजेत."

माय म्हणाली, "मंग फळी रुंद टाकाले लावस. तुम्ही दोन्हीजनी बसशात अशी."