उचाट वळला तेव्हा

काल कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली आणि सुकलेल्या गाळाचा वास आला.

काही वर्षांपूर्वी शहापूरजवळच्या पाणथळ अभयारण्यात उचाट पक्षी उतरला होता. वर वळलेल्या चोचीचा, आमच्याकडे क्वचितच येणारा पाहुणा. वाट दाखवायला धसईचा बाळूदादा होता. गाळात उतरताना तो पेंढ्याचा भारा सोबत ठेवायचा, पण त्या दिवशी तो मी बसायला घेतला होता. पक्षी पाठमोरा होता. मीच म्हणालो, "दादा, पलीकडून फिरून ये ना, म्हणजे तो वळेल."

"तुज्या पाखरापायी माजी समाधी बांधशील रे," म्हणत तो हसत गेला.

मग हाक आली, "पेंढा टाक रे! कमरेपर्यंत गेलो!"

त्याच क्षणी उचाट वळला. मी आधी बटण दाबलं. तीनदा. मग धावत जाऊन भारा टाकला. त्यावर आडवा पडून तो सरपटत बाहेर आला, तेव्हा गाळ छातीला लागला होता.

"आयकू नाय आलं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

तो फोटो आज बाळूदादाच्याही भिंतीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकाने सांगतो, "पाखरू मी वळवलं." आणि मी खाली मान घालून चहा पितो. मला ऐकू आलं होतं, दादा.