बादलीखालची मटकी

"आई, काय केलंस हे!" स्वरा एवढ्या जोरात ओरडली की हातातला तांब्याच सुटला माझ्या. उद्या तिला शाळेत प्रयोग दाखवायचा होता. ओल्या कापसावर मटकी पेरलेल्या दोन वाट्या, एक खिडकीत आणि एक सहा दिवस बादलीखाली झाकलेली. ती झाकलेली मी सकाळीच काढून उन्हात ठेवली होती. आता तीही हिरवी व्हायला लागली होती.

"अंधारातच ठेवायची होती ती! चिठ्ठी लावलेली ना मी?"

"इंग्रजीत होती गं."

"मग विचारायचं! तुला काहीच येत नाही."

तिसरीतली पोरगी, पण बोलणं अगदी बापाचं. मी खाली पडलेला तांब्या उचलला. उद्या बाईंनी विचारलं तर काय सांगेल ही, आईनं बिघडवलं?

पण काय सांगू, बादली उचलली तेव्हा ती मटकी पिवळी पडलेली, लांबच लांब वाढून मान टाकलेली. मला सातवीतून शाळेतून काढून धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं, तेव्हा येणारे-जाणारे सगळे बघायचे. बाहेर काढायला हात कुणीच पुढे केला नाही. स्वरा म्हणते, उजेड नसला की काय होतं तेच बघायचं असतं. मला कशाला बघायला हवं? मला माहितीये.

तुम्ही काय केलं असतंत? एकदा त्या मटकीला तसं बघितल्यावर बादली परत पालथी घातली असतीत?