हशाचं बटण

अकोल्याच्या एका एफएम स्टेशनवर श्रोत्यांचे फोन आधी मी घ्यायचो. पुस्तकी मराठी बोलणारा सकाळच्या सल्ल्याच्या कार्यक्रमात जायचा, वऱ्हाडी बोलणारा संध्याकाळच्या गमतीच्या. त्याचं म्हणणं काय आहे, ते कोण ऐकतं! वऱ्हाडी माणूस म्हणजे विनोदी, हे आम्हीच ठरवून टाकलेलं. त्यानं ‘मले’ म्हटलं की मी रेकॉर्ड केलेल्या हशाचं बटण दाबायचं. घरी मीही तसाच बोलतो. स्टेशनात शिरलो की पुण्याचा व्हायचो.

एका संध्याकाळी वरूडहून एकाचा फोन आला. मी नेहमीसारखा गमतीच्या कार्यक्रमात जोडून दिला.

“मले इचाराचं होतं,” तो म्हणाला. मी सवयीनं हशा सोडला.

तो बिचारा थांबला. हशा संपल्यावर म्हणाला, “बायको दवाखान्यात हाय. डॉक्टरनं हात टेकले. आता पोराईले कसं सांगू?”

मी घाईघाईनं गाणं लावलं आणि त्याचा फोन कानाला लावला. घाबरून तोंडून घरचीच बोली निघाली, “भाऊ, चुकलं माहं. मले माफ करा.”

“तुमी तं आपल्याच इकडचे निघाले,” तो म्हणाला. “मंग कायले हासले?”