नावाच्या जागी थांबलेला उखाणा

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी "डिमेन्शिया वाटतो" असे म्हणताच मी खुर्चीवरून उठलो आणि त्यांची स्मरणशक्तीची परीक्षाच सदोष असल्याचे सुनावले. डिमेन्शिया म्हणजे स्मृती, भाषा आणि उमज यांचा वाढत जाणारा ऱ्हास. माझी पत्नी सरूबाई हिला तो झाला आहे, हे मला मान्य नव्हते.

माझा आक्षेप निराधार नव्हता. जिने उभ्या जन्मात पेन्सिल धरली नाही, तिला घड्याळ काढायला लावून गुण कापावेत? तारीख विचारली, तिने तिथी सांगितली. एका दिवसाने चुकली, तेवढा मीही चुकतो. पतीचे नाव विचारले. ती पदर ओढून हसली. आमच्या रेणापूरकडे तिच्या वयाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. त्यालाही फुली!

"बाबा, दोन वर्षं झाली, मायला काही विचारलं की तुम्हीच उत्तर देऊन राहिलात," नांदेडहून आलेला मुलगा म्हणाला. मी आजार लपवला, असे तो आजही नातलगांना सांगतो. हे असत्य आहे. मी लपवला नाही. मी तो मानला नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "आजोबा, शिक्षण, बहिरेपणा, उदासी, सगळ्यांचा गुणांवर परिणाम होतो. म्हणून एका परीक्षेवर आम्ही ठरवत नाही."

बी-१२ आणि थायरॉइडसाठी रक्त घेतले. त्यांतील बिघाडानेही विस्मरण होते आणि ते औषधाने सुधारू शकते. निकाल येईपर्यंत मी देवाकडे तो बिघाड मागत होतो. रक्तात दोष निघाला नाही. एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूच्या चित्रात, मेंदू आक्रसलेला दिसला.

तरीही मी नावाचा मुद्दा सोडला नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आजी, उखाणा घ्या की." उखाण्यात नाव घ्यायला आडकाठी नसते. सरूबाई खुलली.

"जोंधळ्याच्या रानाला हुरड्याचा वास..."

ती थांबली. लाजली नव्हती. माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुम्हाला ठाव हाय का वो, आमच्या मालकाचं नाव?"

नावाचा मुद्दा मी तिथेच सोडला. डॉक्टरांनी ती फुली मला पुन्हा दाखवली नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ज्यांच्या घरी अशी शंका आहे त्यांनी परीक्षेशी अवश्य भांडावे. रुग्णाचे शिक्षण, चालीरीती, ऐकण्यातली उणीव डॉक्टरांना सांगावी. परंतु त्याच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. लवकर आलो असतो तरी आजार टळला नसता, असे डॉक्टर म्हणतात. मात्र तिला समजत होते तेव्हा, कसली भीती वाटते, एवढे तरी मी तिला विचारले असते.

आता विचारतो. ती माझ्यापुढे ताट सारते आणि म्हणते, "लांबून आलाव, जेवून जावा."