फेऱ्यांचे फोटो

"ये शादी है कि शोकसभा?"

नोंदणी कचेरीच्या खिडकीमागच्या बाबूने माझ्या लग्नाचा फोटो वर धरला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवला. तो हसला. माझ्यामागे रांगेत उभे असलेले दोघंतिघं माना लांब करून बघू लागले. फोटोत मी पांढऱ्या साडीत आहे. नवरा पांढऱ्या सदऱ्यात. मागे टेबलावर दोन तसबिरी, एक बुद्धाची, दुसरी निळ्या कोटातली. मेणबत्त्या. आम्ही दोघं हात जोडून उभे.

मीसुद्धा हसले.

हे आधीच लिहून टाकते, नंतर धाडस होणार नाही. ते हसले आणि मी त्यांच्याबरोबर हसले. जणू फोटोतली बाई कुणी दुसरीच होती.

आमचं लग्न दिल्लीतच झालं, लक्ष्मीबाई नगरमध्ये, आमच्या सरकारी क्वार्टरजवळच्या समाजभवनात. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात शिपाई म्हणून लागले आणि परीक्षा देत देत कारकून झाले. लग्न लावणारे बौद्धाचार्य म्हणजे बाबांच्या ऑफिसातलेच एक काका. सोमवार ते शुक्रवार ऑडिट, रविवारी लग्नं. त्रिशरण, पंचशील झालं, आम्ही एकमेकांना शब्द दिले, हार घातले. काकांनी समाजभवनाच्या बौद्ध समितीच्या छापील कागदावर सही करून गोल शिक्का मारला. आमच्याकडे तो शिक्का बसला की लग्न पक्कं. आईबाबांचंही तसंच. सरकारदरबारी नोंद करायची असते हे, सगळी हयात सरकारी फायलींत गेलेल्या बाबांनासुद्धा सुचलं नाही.

नवरा दिल्लीजवळ मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. लग्नानंतर दीड महिन्यात कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. मी मागून जायचं ठरलं. व्हिसा केंद्रावर काचेपलीकडच्या मुलीने माझी फाइल चाळली आणि समितीचा कागद अलगद बाजूला काढला. "मॅम, ये नहीं चलेगा. सरकारी मॅरेज सर्टिफिकेट चाहिए." ते मिळवायचं तर नवराबायको दोघांनी हजर राहावं लागतं. म्हणून तो दहा दिवसांची रजा काढून आला. पुढची रजा वर्षाने मिळणार होती. या दहा दिवसांत कागद झाला तर आम्ही एकत्र, नाहीतर आणखी एक वर्ष फोनवर संसार.

आणि बाबू म्हणत होता, "फेरों की फोटो लाओ. और पंडितजी का लेटर. अग्नि नहीं, सिंदूर नहीं, हम कैसे मान लें?"

नवरा म्हणाला, "सर, हम बुद्धिस्ट हैं."

बाबूने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग फॉर्मवरच्या आडनावाकडे. "अच्छा, अच्छा. वो वाले." एवढंच बोलून त्याने पुढचा नंबर पुकारला.

हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा. दिल्लीच्या शाळेत मुली विचारायच्या, "महाराष्ट्रियन? मतलब पंडित?" मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. मैत्रीण घरी आली की तिला मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आत घ्यायचे, कारण बाहेरच्या खोलीत भिंतीवर त्या दोन तसबिरी. आई बघायची. बोलली कधीच नाही. मला वाटायचं तिच्या लक्षात येत नाही.

कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसलेल्यांना आतलं सगळं माहीत असतं. त्यातल्या एकाने न विचारताच सांगितलं, "मैडम, टेंशन मत लो. पीछे स्टूडियो है, फेरे करा देगा. आधा घंटा."

नवरा म्हणाला, "नको यार. हे नको. दुसरं काहीतरी बघू."

"दहातले तीन दिवस गेले," मी म्हटलं. "तुला काय, तू जाशील परत. इथे मी राहणार."

तेव्हा हे कुणी माझ्यावर लादलं असं म्हणायची सोय नाही. मीच त्याला ओढत नेलं.

पडद्यावर रंगवलेला मांडव. लोखंडी कढईत कापूर. स्टुडिओवाल्याच्या मेहुण्याने शर्टावरूनच जानवं घातलं आणि पंडित झाला. मला भाड्याची लाल ओढणी दिली, तिला कुणाच्या तरी अत्तराचा वास. नवऱ्याने माझ्याकडे न बघता भांगात सिंदूर भरला. फोटोवाला म्हणाला, "भाभीजी, थोड़ा शरमाइए." त्यासाठी मला काही वेगळं करावं लागलं नाही.

माझ्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. मी शाळेत जायच्या आधीपासून त्या पाठ म्हणते. ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करून घेणार नाही, ही त्यातलीच एक. कढईभोवती फिरताना मी मनाला बजावत होते, हे खोटं आहे, हे धरायचं नाही. चौथ्या फेऱ्याला पाय अडकला आणि मी कढईवर पडता पडता वाचले. सगळे हसले. मी परत हसले.

दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून बाबांना न्यायचं होतं. फोटोंचं त्यांना सांगितलं नाही. वाटलं, पाकिटातून थेट खिडकीत जातील, ते कशाला बघतात. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आले. लेकीचं काम होतं ना.

बाबूने फोटो एकेक करून टेबलावर मांडले. "हाँ, अब लगी ना शादी." मग बाबांना जवळ बोलावलं. "अंकलजी, यहाँ साइन कीजिए. कि ये फेरे आपके सामने हुए."

बाबांनी फोटो पाहिले. सगळे. मग माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू, मराठीत विचारलं, "हे कधी केलंत?"

"काल," मी म्हटलं.

"याने तुझं काम होतंय ना?"

मी मान हलवली. बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

तीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसातल्या दिवाळीच्या पूजेला या माणसाने कधी हात जोडले नाहीत. "मी मानत नाही," एवढं नम्रपणे सांगायचे आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसायचे. त्यापायी टोमणे खाल्ले, जेवणाच्या डब्याला वर्षानुवर्षं सोबत मिळाली नाही. तो माणूस माझ्यासाठी खोट्या कागदावर वाकला होता. बाबूने हसून मला जेवढं खाली पाडलं नव्हतं, तेवढं मी बाबांना पाडलं होतं. माझी मलाच किळस आली.

"बाबा, सही करू नका."

मी फोटो गोळा केले. दोन खाली पडले, तेही उचलले. "ये झूठी हैं," मी बाबूला म्हटलं. "कल स्टूडियो में खिंचवाई हैं. मेरी शादी ये है." आणि पांढऱ्या साडीतला फोटो पुढे ठेवला.

"झूठी फोटो दी आपने? केस बन सकता है, पता है?"

"बनाइए. और साथ में ये भी लिखकर दीजिए कि मेरी असली शादी आप क्यों नहीं मान रहे."

बाबांनी टोपण परत लावलं आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "रूल नंबर के साथ."

बाबूने काही लिहून दिलं नाही. फाइल आमच्याकडे परत सारली आणि म्हणाला, बाद में आइए.

त्याच आठवड्यात बाबांनी ऑफिसातून कायद्याचं पुस्तक आणलं. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. दोघांपैकी कुणा एकाच्या रीतीने लागलेलं लग्न त्यात चालतं. फेऱ्यांची अट फक्त ज्यांच्या रीतीत फेरे आहेत त्यांना. हे सगळं छापलेलं होतं. लाज वाटली की माणूस कायदा शोधत नाही, आडोसा शोधतो. मी स्टुडिओ शोधला. पुस्तक उघडायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

पुस्तक खिडकीत दाखवूनही काम झालं नाही, आणि नवरा दहाव्या दिवशी एकटाच गेला. विमानतळावर "एक वर्ष" एवढंच म्हणाला. रागावला होता का, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क होता असं वाटलं नाही.

बाबांनी त्या फोटोंचा विषय परत काढलेला नाही. काढणारही नाहीत. माझी लाज अजून आहे तिथेच आहे, आणि ती बाबूने दिलेली नाही. ती मी कमावलेली आहे, तेव्हा मीच वागवीन.

वरच्या साहेबाकडे लेखी अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे. दर सोमवारी जाऊन उभी राहते. साहेब नाहीत, फाइल वर गेली, पुढच्या आठवड्यात या. जाते. नवरा पुढच्या रजेवर येईल त्याआधी आदेश माझ्या हातात हवा. इथे नाही मिळाला तर कोर्टात जाईन. त्यात दुसरं वर्ष गेलं तर जाईल. त्यांनी माझं लग्न जसं लागलं तसं नोंदवावं, नाहीतर नकार लिहून द्यावा. तिसरा रस्ता मी स्वतः बंद केला आहे.