चांगला पू

माझी आत्या इसोबेल ग्लासगोच्या एका इस्पितळात परिचारिका होती आणि तिच्या नाकाचा वॉर्डात दरारा होता. पट्टीवर नुसतं वाकून ती सांगायची, हा जगेल, हा नाही. जखमेत दाट, पांढरा पू धरला की माणूस बरं व्हायच्या मार्गाला लागला, असंच तेव्हा सगळे मानायचे, डॉक्टरसुद्धा. तसा पू दिसला की आत्या रोग्याचं असं कौतुक करायची, जणू काही त्याला मुलगाच झालाय.

माझ्या बाबांच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या पायावरून त्यांचीच कोळशाची गाडी गेली. हाड कातडी फोडून बाहेर आलं. असा पाय सरळ कापायचा, हा रिवाज. पण मॉफट नावाच्या नव्या सर्जननं जखमेत कार्बोलिक ओतलं, त्यातच भिजवलेलं कापड ठेवलं, वर पातळ पत्रा बसवला आणि कुणीही हात लावायचा नाही, असं बजावलं. कार्बोलिक म्हणजे दुर्गंधी मारायला गटारावर टाकतात ते डांबरी औषध. माझा भाऊ म्हणजे काय मोरी आहे, असं आत्या वॉर्डभर विचारत सुटली. तिचं तोंड बंद करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

तरी तिनं पत्रा हलवला नाही. रोज वाकून वास मात्र घ्यायची. डांबरासारखा वास यायचा, पुवाचा नाही. आठवडा होत आला तसा तिचा धीर सुटला. जखम आतल्या आत मेली, अशी तिची खात्रीच पटली. पाय गेला की बाबांचा धंदा बसणार आणि आम्ही पोरं रस्त्यावर येणार, हे तिला कळत होतं. पण तिला भाऊ जिवंत हवा होता.

"डूगल, कापू दे त्यांना," ती बाबांना म्हणाली. "अजून वेळ गेलेली नाही."

बाबांनी मान हलवली. "तू म्हणतेस ना? मग कापू दे."

मॉफट वैतागला. कापायच्या आधी बघू तरी, म्हणाला आणि त्यानं पत्रा उचलला.

पू नव्हताच. खाली लाल, स्वच्छ मांस होतं. आत्यानं वास घेतला, पुन्हा घेतला.

"मग हे सडलं का नाही?"

"सडवणारे जीव बाहेरून येतात, बाई. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांना मारलं की जखम आपली आपण भरते."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"हवेतून. स्पंजातून. आपल्या हातांवरून."

आत्या ओळीनं मांडलेल्या खाटांकडे बघत राहिली; त्या सगळ्यांच्या जखमा तिनंच, याच हातांनी, एकामागून एक पुसल्या होत्या. पाय वाचला म्हणून बाबा लहान मुलासारखे रडत होते. त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला, पण तिनं आपला दिला नाही. ती कार्बोलिकच्या बादलीकडे गेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. कातडी भाजत होती, तरी काढेना.